बोटभर कुंकू

हात कसे धुवायचे हे मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकले, तेही पंचविशीतल्या एका नर्सकडून. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालेसुद्धा, "बाई, धुणीभांडी करण्यात जन्म गेला माझा, मला हात धुवायला काय शिकवतीस?" ती हसली नाही. तिनं नळ सोडला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत चोळायला लावलं. चोळून झाल्यावर मी सवयीनं हातानं नळ बंद केला. "गेले की हात वाया," ती म्हणाली. "काकू, परत पहिल्यापासून."

ही गोष्ट नवीन जालन्यातल्या दवाखान्यातली. आमच्या यांच्या दोन्ही किडन्या साखरेनं खाल्ल्या होत्या. मशीनवर रक्त शुद्ध करून पाहिलं, तर प्रत्येक वेळी रक्तदाब असा कोसळायचा की सगळा दवाखाना त्यांच्या खाटेभोवती जमा व्हायचा. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. यांचं हृदय मशीन सोसणार नाही म्हणाले. एकच रस्ता होता. पोटात कायमची नळी बसवायची आणि घरीच दिवसातून चार वेळा त्या नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं, आधीचं बाहेर काढायचं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. "पण करणारं माणूस पक्कं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "नळी उघडी असताना बोटावरचा मळ लागला तर पोटात जंतू होतात. घरात कोण शिकेल?"

घरात होतं कोण? लेक पुण्यात, तिचं बाळ चार महिन्यांचं. कुंभार पिंपळगावच्या घरात हे आणि मी, दोघंच. मी म्हणाले, "मी शिकते." मी दहावी नापास आहे, हे डॉक्टरांना सांगितलं नाही.

माझा भरवसा होता तो माझ्या हातांवर. सोळाव्या वर्षापासून मी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग केलेलं आहे. संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतला नराचा भाग अंगठ्याच्या नखानं काढून टाकायचा, आतल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्यावर लावायचे. एक कळी चुकली तर बियाणं भेसळीचं. सुपरवायझर बाया निवडायला यायचे तेव्हा माझं नाव पहिलं घ्यायचे. नवीन पोरींना माझ्या सरीत उभं करायचे. तीस-पस्तीस वर्षं हे केल्यावर माणसाला आपल्या बोटांचा थोडा गर्व होतोच, मलाही होता.

तरी पहिले चार दिवस रडकुंडीला आले. कमरेला पट्टा बांधलेला, त्याला खोटी नळी शिवलेली, त्यावर शिकायचं. तोंडाला मास्क, पंखा बंद, दार बंद. नवं टोपण कधी फोडायचं, चिमटा कधी सोडायचा, नळीच्या तोंडाला कशाचाच स्पर्श होऊ द्यायचा नाही. घाम डोळ्यांत जायचा, तो पुसायचा नाही. मी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या आणि रात्रंदिवस पाठ केल्या. सातव्या दिवशी नर्सनं परीक्षा घेतली. झाल्यावर ती म्हणाली, "काकू, असे स्थिर हात मी पाह्यले न्हाईत." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दहावीच्या निकालानंतर मला पास करणारं ते पहिलं माणूस.

घरी आल्यावर आम्ही रस्त्याकडची खोली रिकामी केली. चुना दिला, देवाचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं, कारण त्याच्यावर धूळ बसते. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि निजताना असा आमचा पाठ सुरू झाला. बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि खालची अक्षरं वाचता येतात का पाहायचं. वाचता आली तर पाणी नितळ, सगळं ठीक. गावातल्या मरणाच्या बातम्या मी इतक्या आनंदानं कधी वाचल्या नव्हत्या. महिन्याभरात यांच्या पायांची सूज उतरली. हे परत दुकानात बसायला लागले. घराला लागूनच आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं. बोटांना मुंग्या येतात, थरथर असते, म्हणून तार दुसरा गडी गुंडाळायचा आणि हे खुर्चीवरून सांगायचे.

या माणसानं तेहतीस वर्षांत माझ्या भाजीला कधी चांगलं म्हटलेलं नाही. पण एकदा गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं, "आमच्या घरी अर्धा डॉक्टर हाय." मी आत पोळ्या करत होते. तव्यावरची करपली.

तर असा गर्व चढलेला. आणि मग वैशाखात अक्का आल्या.

अक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. अंकुशनगरला असतात, भाऊजी कारखान्यातून रिटायर झालेले. भावाला बघायला दोन दिवस राहिल्या. मायाळू बाई, पण रीतीभातीला पक्क्या. निघायच्या दिवशी दुपारी माझी पाणी बदलायची वेळ झाली होती. हात धुऊन झाले, मास्क लावला, हे खाटेवर बसले, सगळं मांडलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तेवढ्यात दार लोटून अक्का आल्या. हातात उघडा करंडा.

"वहिनी, कुंकू लाव बाई जल्दी. जीपवाला ओरडून राह्यला."

"अक्का, माझे हात..."

"अगं, भावाच्या घरून कोऱ्या कपाळानं जाऊ का? त्यात तो असा बसलेला. शोभतं का ते?"

सुवासिनीला, त्यातून माहेरवाशिणीला, कुंकवाशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. घरात दुखणं असताना तर नाहीच नाही. मी बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळाला टेकवलं. त्यांनी मला लावलं. हात पायांना लागायला नकोत म्हणून पाया पडायला वाकले नाही, आणि तेवढ्यानं मी फार शहाणपण केलं असं मला वाटलं. दार कोपरानं लोटून घेतलं. मग बोट पदराला पुसलं.

हे पदराला पुसणं कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. प्लॉटवर बोटाला चुकीचे पराग लागले की आम्ही पदराला दोनदा घासतो आणि पुढची कळी धरतो. पस्तीस वर्षं तसंच केलं, आणि कधी भेसळ निघाली नाही. हाताला वाटलं, झालं स्वच्छ. हात धुवायची मोरी परसात, उन्हातून जायचं, हे कधीचे ताटकळलेले. मी बसले आणि टोपण उघडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली तर एक अक्षर दिसेना. पाणी पेजेसारखं पांढुरकं. हे पोट धरून आडवे झालेले, नुसतं कण्हणं. जालन्यापर्यंत गाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ते एक बोट होतं. देवा, बोट तोडून घे म्हणत होते. खरंच म्हणत होते.

दवाखान्यात बारा दिवस गेले. औषधं पिशवीतूनच पोटात सोडायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या वेळी नळी वाचली. परत असं झालं तर काढावी लागेल." मशीन चालत नाही, नळी निघाली, तर मग काय उरतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. नर्सनं मला सगळं करून दाखवायला सांगितलं. मी केलं, एकही चूक न करता. ती म्हणाली, "तुमचं तर सगळं बराबर हाय, काकू. हात चांगले धुतले होते ना त्या दिवशी?"

"धुतले होते," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त घाण होतं.

"मंग खोलीत धूळ येत असंल."

सगळ्यांनी धुळीवर ढकललं. घरी आल्यावर यांनी खिडकीला प्लास्टिक ठोकून घेतलं, दाराच्या फटीत रबर बसवलं. उन्हाळा मी म्हणत होता आणि त्या खोलीत आता वाऱ्याची झुळूकही येईना. बिचारे धुळीच्या मागं लागले होते, आणि धूळ म्हणजे मी. रोज चार वेळा त्यांच्यासमोर बसायचे आणि माझे हात मलाच परके वाटायचे. टोपण धरताना बोटं कापायला लागली. कापऱ्या हातांनी एक दिवस मी यांना मारून टाकणार, याची मला खात्री पटत चालली होती. लेकीला फोन करून म्हणाले, यांना तुझ्याकडं ने. ती रडायला लागली, तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, बाळ. मी म्हटलं, राहू दे, गंमत केली.

शेवटी एका दुपारी, जुनं पाणी पिशवीत उतरत असताना मी बोलले. ती वीस मिनिटं दोघांनाही उठता येत नाही. सगळं सांगितलं. अक्का, करंडा, पदर. मास्कच्या आतून सांगितलं म्हणून जमलं असेल.

हे पिशवीकडं बघत होते. म्हणाले, "ठाव हाय मला. मी पाह्यलं व्हतं."

मला आधी कळेचना. "काय पाह्यलं व्हतं?"

"तू बोट पुसलंस ते."

"मंग बोलले का न्हाई?"

"अक्का नुकतीच दाराआड झाल्ती. तिला ऐकू गेलं आसतं. आपल्यामुळं तुझे हात खराब झाले म्हणून तिनं जिवाला लावून घेतलं आसतं. आन् तू कर्तीस ते बराबरच आसंल, आसं बी वाटलं. मागून खिडकीला प्लास्टिक ठोकलं ते तू सोताला दोष देऊ नये म्हणून."

मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून माणूस मरायला बसतो? आणि माझ्यावर एवढा विश्वास कुणी सांगितला होता ठेवायला? हातात नळी नसती तर उठून भिंतीवर डोकं आपटलं असतं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला शिकव. हात चालत न्हाईत माझे, पर डोळे हायेत. तू चुकलीस तर मी बोलत जाईन."

आणि बासष्टाव्या वर्षी हा माणूस माझी वही घेऊन बसला. पायऱ्या पाठ केल्या. मी परीक्षा घेतली, दोनदा नापास केलं. मग सुरू झाला जाच. "कोपरानं नळ बंद कर." "मास्क नाकाच्या खाली आलाय." "खोकलीस, परत धू." मी चिडायचे, "आता तुम्ही मला शिकवणार?" पण त्यांचा आवाज चालू असला की बोटं कापत नसत. पाणी महिनोन् महिने नितळ आलं. अक्काला मात्र काही सांगायचं नाही, एवढं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

दिवाळीत भाऊबीजेला अक्का आल्या. ओवाळणं झालं, जेवणं झाली. जीप चारला येणार होती, ती तीनलाच आली. मी आत बसलेली. नवी पिशवी टांगलेली, टोपण काढलेली नळी डाव्या हातात, तिचं तोंड उघडं.

दार वाजलं. "वहिनी, निघाले मी. कुंकू लाव."

"अक्का, वीस मिनिटं थांबा. हात अडकलेत."

"जीपवाला थांबत न्हाई, दुसरी माणसं हायेत. मीच येते आत. तू निस्तं बोट टेकव." कडी हलली.

थोरल्या नणंदेला भाऊबीजेच्या दिवशी काय सांगायचं?

"अक्का," हे म्हणाले, "आत येऊ नको."

आयुष्यात त्यांनी बहिणीचा शब्द मोडलेला मी पाहिला नव्हता. आवाज चांगला मोठा होता.

कडी सुटल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाल्या, "बरं हाय बाबा. आई व्हती तवर असं कोऱ्या कपाळानं कुणी धाडलं न्हाई मला." पावलं गेली. जीपचं दार आपटलं.

यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी रडायला लागले. मास्क भिजला, समोरची नळी धुरकट दिसायला लागली, आणि हात धुतलेले, डोळे पुसता येईनात. यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तो थरथरता हात माझ्या तोंडाकडं आणला.

"हात लावू नका मला," मी ओरडले.

ते मागं सरकले. मी पापण्या मिटून पाणी खाली पाडलं, नीट दिसेपर्यंत थांबले, आणि नळी जोडली.