रांजणाचा पंचनामा

आमचे हे बावीस वर्षं मुंबईजवळच्या एका डेनिमच्या गिरणीत रंगखात्यात होते. सुताचे दोर निळीच्या हौदात बुडवायचे, वर काढून वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचे, असं सहा-सात वेळा. गिरणी बंद पडली आणि दोन हजार तीनच्या सुमारास आम्ही कट्टा गावाजवळच्या आमच्या घरी परत आलो. सुरुवातीला हे दिवसभर पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जीन्स बघायचे. "ह्येका चारच बुडी दिल्यानी," एवढंच मला म्हणायचे. जेवणही कमी झालं होतं.

मग एकदा बँकेतल्या कारकुनाने विटलेली जीन आणून दाखवली आणि यांनी ती परत निळी करून द्यायचं कबूल केलं.

गिरणीतली रसायनं इथे मिळत नव्हती, आणि कॉस्टिक सोडा मी कोंबड्यांजवळ आणू दिलं नसतं. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तेव्हा यांनी जुनी रीत धरली: गूळ, कोंडा आणि चुना घालून नीळ आंबवायची. मांगरात, म्हणजे घरामागच्या गोठ्याशेजारच्या खोपटात, मोठा रांजण बसवला. पहिला घाणा चुना जास्त होऊन मेला. दुसरा श्रावणातल्या गारव्याने मेला. तिसऱ्याला यांनी माझी गोधडी गुंडाळली आणि सकाळ-संध्याकाळ कान लावून ऐकू लागले. "तेका भूक लागली आसा गो," म्हणत आणखी गूळ घालायचे. माझ्या भुकेची चौकशी त्या महिन्यात झाल्याचं मला आठवत नाही. पण हे स्वतः मात्र दोन वेळा पोटभर जेवू लागले, म्हणून मी गोधडी परत मागितली नाही.

अखेर रांजण लागला, म्हणजे नीळ आंबली. वर तांबूस फेस आणि खाली पाणी पिवळसर हिरवं. वास असा, की वाटेने जाणारे चालण्याचा वेग वाढवायचे. एवढा गूळ, वर तो वास. कोणीतरी तालुक्याला कळवलं की आमच्याकडे दारू गाळतात.

एका सकाळी दहाला दारूबंदीचे साहेब आले, सोबत एक शिपाई. पंच म्हणून शेजारच्या भावोजींना बोलावलं. यांनी शुद्ध मराठीत सगळं समजावलं. साहेबांना ते पटलं नाही. निळीचा रांजण असेल तर तो निळा का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न योग्य होता. तळाशी बाटल्या लपवल्या असतील म्हणून त्यांनी बाही वर केली.

"साहेब, हात घालू नका, रंग चढेल," हे म्हणाले.

साहेबांनी कोपरापर्यंत हात घातला. तळ चाचपून बाहेर काढला तेव्हा हात पिवळट होता. ते पंचनामा सांगू लागले, शिपाई लिहू लागला: द्रवाचा रंग पिवळसर हिरवा. तेवढ्यात वारा लागून हात हिरवा झाला, मग मोरपंखी, आणि सही करायची वेळ आली तेव्हा गर्द निळा. नमुन्याच्या बाटलीचंही तेच. शिपायाने भरताना ती खळखळून हलवली होती. साहेबांनी भावोजींना खरा रंग विचारला.

"मी बघलंय तेवा हिरवो होतो, आता निळो आसा," भावोजी म्हणाले. "दोनय खरां."

शिपायाने 'हिरवा' खोडून 'निळा' लिहिलं. साहेबांनी रांजणात डोकावून पाहिलं, तर तिथे अजून हिरवाच. मग 'निळा' खोडला. शेवटी रंगाची जागा कोरी ठेवून मांगराच्या दाराला लाखेचं सील लावलं.

उपाशी ठेवला तर रांजण चार दिवसांत मरेल, असं यांनी साहेबांना हात जोडून सांगितलं. साहेब निळा हात धोतराच्या जुन्या फडक्याने घासत होते. ते फडकं मीच दिलं होतं. पुरावा नष्ट होऊ देता येत नाही, असं ते विचार करून म्हणाले आणि लेखी परवानगी दिली: 'जप्त मालास रोज पावशेर गूळ, पंचासमक्ष, मागील बाजूने.' मांगराची मागची बाजू नुसत्या माडाच्या विणलेल्या झापांची होती. एक झाप सरकवला की माणूस सरळ आत. ते साहेबांनी पाहिलं होतं, पण सील दारालाच लावायचं असतं.

दीड महिना रोज सकाळी सातला भावोजी यायचे. झाप सरकवायचा, गूळ घालायचा, ढवळायचं, मग चहा. दुसऱ्याच आठवड्यात फेस बघून ते यांना चुना कमी पडल्याचं सांगू लागले. हे चिडायचे, पण चुना घालायचे.

मग नमुन्याच्या तपासणीचं पत्र आलं. सदर द्रव मद्य नसून शाई असल्याचं त्यात लिहिलं होतं. शाई हा शब्द यांना फार लागला. मग सील काढलं आणि कारकुनाची जीन आठ वेळा बुडवली. ती इतकी सुंदर निळी झाली की त्याने ती कधीच घातली नाही, लग्नाकार्यासाठी ठेवून दिली.

भावोजींचं येणं सुटलं नाही. हेही ते आल्याशिवाय गूळ घालायचे नाहीत. एकदा भावोजी जत्रेला मसुऱ्याला जाऊन दोन दिवस राहिले, तेव्हा मी घालते म्हटलं. हे मला म्हणाले, "तू पंच नाय."