एक डोळा मिटणाऱ्याचा कॅमेरा

फळी हाती आली की तिचे एक टोक डोळ्याशी धरायचे, दुसरा डोळा मिटायचा आणि धार न्याहाळायची, ही सुतारांची तीस वर्षांची सवय. केसाएवढा वाक असला तरी तो त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरातला रिळाचा कॅमेरा मात्र त्यांनी कधी हाती घेतला नाही. ते खाते बायकोचे.

परगावच्या नोकरीवर निघालेल्या मुलीने आईचा फोटो शोधला, तेव्हा या वाटणीचे फलित उघडे पडले. सात अल्बमांत आई नव्हतीच. एका फोटोत काय ती तिची सावली होती. आपण गेल्यावर तर आईची सावलीही फोटोत यायची नाही, या धास्तीने मुलीने वडिलांना अट घातली : बाबांना जमेल असा सोपा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, आणि ती निघण्यापूर्वी आईचा पहिला फोटो बाबांनीच काढायचा.

दुकानदाराने मांडलेल्या तीन कॅमेऱ्यांपैकी सर्वांत चपटा सुतारांनी उचलला आणि थेट डोळ्याला लावला. नाक पडद्यावर टेकले. हात लांब करून पडद्यात पाहायचे असते, हे दुकानदाराने समजावले. पण लांबवलेले हात डुगडुगू लागले. तिन्ही कॅमेऱ्यांनी मिळून छताचा पंखा, सुतारांचा अंगठा आणि बायकोचा एक कान टिपला.

“कान छान आलाय हो,” बायको म्हणाली. “तोच देऊ तिला.”

आपोआप चेहरा ओळखणारा महागडा कॅमेरा मुलीने पुढे केला. सुतारांनी मान हलवली. “दोन्ही डोळे उघडे ठेवून मला सरळ दिसत नाही, बाळ.”

दुकानदार हसला नाही. खालच्या फडताळातून त्याने एक जाडसर, मागल्या वर्षीचा कॅमेरा काढला. पडद्याच्या वर डोळा लावण्यापुरती काचेची खिडकी होती, आणि बटण ठसठशीत. सुतारांनी डावा डोळा मिटला. कोपरे आपसूक बरगड्यांना टेकली, रंध्याचा शेवटचा हात फिरवताना थांबावा तसा श्वास थांबला.

फोटोत बायकोच्या मागचे फडताळ गुण्याने मापल्यासारखे काटकोनात आले होते. बायको अर्धीच होती.

“फडताळ सरळ आलंय,” सुतार समाधानाने म्हणाले.

“मग त्यालाच न्या घरी,” बायको म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसू लागली. सुतारांनी या खेपेस फडताळाकडे पाहिलेच नाही. ते कलले तसे कलू दिले आणि बटण दाबले.

दुकानदाराने हा पुसून नीट फोटो काढून देण्याची तयारी दाखवली. मुलीने कॅमेरा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

आई तिच्या खांद्यावरून डोकावली. “हसताना मी अशी दिसते?”

“अशीच,” सुतार म्हणाले. “मी रोज बघतो ना.”

दुकानदार खोका शोधायला आत गेला.