वाचल्याबिगर ‘येस’ न्हाई

पाटसला आमच्या घरी कॉम्प्युटर आला आणि महिन्याभरात, इंटरनेट उघडलं की आपोआप अचकटविचकट चित्रांचं पान यायला लागलं. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

दौंडहून दुरुस्तीवाला आला. आधी रुमालाला हात पुसले, मग की-बोर्डला लावले. भजनांचा एक फुकटातला प्रोग्राम त्यानं काढून टाकला, पान ताळ्यावर आणलं आणि सासऱ्यांकडं वळला.

“आबा, वहिनींचा दोष न्हाई. भजनासंगं ही घाण आली. दारात आलेल्याला आपण ‘या’ म्हणतो, पर हितं वाचल्याबिगर ‘येस’ दाबायचं न्हाई.”

भजनं कुणी उतरवली, हे सासऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं विचारलं नाही. ते न विचारणं मी अजून विसरले नाही.

सासऱ्यांनी घसा खाकरून “चहा घेणार?” म्हटलं.

तो हसला. “ह्याला मातुर न वाचता येस!”