फ्लॉपीत मावलेली आठ गाणी

मंडईच्या मागे हातगाडीवर कॅसेटी विकून मी कात्रजला स्टुडिओ उभा केला, तेव्हा शहरात जो तो संगणक घेत होता. मीही घेतला. माइकपासून खुर्चीपर्यंत एकही वस्तू मी दुकानदाराने सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. त्यामुळे आमचा संगीत संयोजक जेव्हा म्हणाला, की रोजचं काम सीडीवर उतरवून ठेवायला सीडी रायटर घ्या, तेव्हा मी आधी विचारलं, "फ्लॉपीवर का नाही?"

हा संयोजक दिवसा एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करी आणि संध्याकाळी माझ्याकडे कीबोर्ड वाजवी. मराठी माणसाशीही तो इंग्रजीत हसायचा. "फ्लॉपीत गाणं मावत नाही हो," तो म्हणाला.

मी शोधून पाहिलं. गाण्याच्या नावाची फाइल इतकी लहान होती, की आठही गाणी एका फ्लॉपीत बसून वर जागा उरली. फ्लॉपी संगणकात घातली, तिच्यातलं गाणं उघडलं. आवाज, कोरस, ढोलकी, सगळं वाजलं. मी त्याला उभं करून ते ऐकवलं. तो काहीतरी बोलत होता, पण मी फोनवर दहा फ्लॉप्यांवर अकरावी फुकट मागत होतो. ती मिळाली.

ती आठ गाणी म्हणजे भीमगीतं होती. गायक विश्रांतवाडीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं जयंतीच्या मंडपांतून गायले, पण त्यांच्या आवाजाची एक कॅसेट कुठे नव्हती. ही पहिलीच. ती जयंतीआधी बाजारात आली नाही, तर कोण घेणार? मग वर्षभर माळ्यावरच.

जयंतीला तीन आठवडे उरले असताना हार्ड डिस्क टकटक करू लागली आणि दुपारी गप्प झाली. दुरुस्तीवाला म्हणाला, यातून काही निघणार नाही. मी घाबरलो नाही. नवी डिस्क बसवून घेतली आणि फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर गाणं उघडलं. "मुख्य आवाज", "कोरस", "ढोलकी", सगळी नावं ओळीने हजर. नावांपुढचे पट्टे कोरे.

आवाज त्या फाइलमध्ये कधी नव्हतेच. ते डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये होते. फाइलमध्ये फक्त कुठला आवाज कुठे ठेवलाय याची यादी होती. म्हणून तर ती एवढी लहान. आणि जुनी डिस्क जिवंत असेपर्यंत फ्लॉपीतून गाणं वाजणारच होतं. कीबोर्डचे सूर तेवढे फाइलमध्येच लिहिलेले असतात, म्हणून ते जसेच्या तसे वाचले. म्हणजे संयोजकाचं काम शाबूत आणि बाकी सगळ्यांचं गेलं.

"सांगितलं होतं मी," तो म्हणाला.

"कधी?"

"तुम्ही अकरावी फ्लॉपी मागत होतात तेव्हा."

माणूस भाव करत असताना सांगणं याला मी सांगणं म्हणत नाही. आजही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी विश्रांतवाडीला गेलो. "जय भीम, काका," म्हणून बसलो आणि झालं ते सांगितलं. काका ओरडले,

"पंधरा दिवस मंडपात गायचंय मला. गळा आत्ताच तुमच्या खोलीत घालवू?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, आधी पाणी द्या त्यांना. मग काय ओरडायचं ते ओरडा."

पाणी आलं. काका म्हणाले, "आमच्या कारखान्यात प्रत्येक नकाशाचे दोन संच असायचे. दोन वेगळ्या इमारतींत. तुमच्याकडे एवढी यंत्रं, आणि सगळा माल एकाच खुंटीला?"

"फ्लॉपी होती की."

"यादी होती. पुन्हा गातो, पण रोज गाऊन झालं, की त्या दिवसाचं सगळं सीडीवर घेऊन मी घरी जाणार. ते माझ्या कपाटात राहील."

"आठवड्यातून एकदा चालेल?"

"रोज."

"फक्त तुमचा आवाज घ्या. बाकी तुम्हाला कशाला?"

"सगळं. त्या पेटीवाल्याचंसुद्धा."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेल्या अटीवर उठलो. जाताना वाटेत सीडी रायटरही घेतला, आणि त्या दुकानदाराने एक रुपया सोडला नाही.

काका रोज दोन बस बदलून कात्रजला आले, गायले, पिशवीत सीडी घालून परत गेले. मी जिवापाड जपलेल्या स्टुडिओचा माल एका गिऱ्हाइकाच्या लोखंडी कपाटात, धुतलेल्या चादरींखाली जमा होत गेला. कॅसेट जयंतीच्या आधी चार दिवस निघाली. विश्रांतवाडीच्या चौकात ती कर्ण्यावर लागली, तेव्हा लोक काकांना मिठ्या मारत होते. संयोजकाचंही कौतुक झालं.

मी मात्र कान देऊन तिसरं गाणं ऐकत होतो. दुसऱ्या कडव्यात आवाज वर चढतो, तिथे काका पहिल्या वेळी जसे गायले होते, तसे या वेळी गायले नव्हते. आता तिथे गळा सांभाळलेला कळत होता. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना ते सांगितलं. म्हटलं, "काका, पहिलं याहून चांगलं होतं. शपथेवर सांगतो."

काकांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"असेल," ते म्हणाले. "ऐकवा."