वहिनीमार्फत आलेलं माप

वर्कशॉपला दोन खोल्या आणि मध्ये एक दार. पुढे थोरला, गाड्या उंच करणारा. मागे धाकटा, लेथवर शाफ्ट बनवणारा. आणि दारात वहिनी. थोरल्याची ही बायको फोन घ्यायला म्हणून आली आणि निरोप्या होऊन बसली. लेथ खिडकीशी ठेवायचा की भिंतीशी, एवढ्यावरून कैक वर्षांपूर्वी भावांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. "वहिनी, त्यांना सांगा," असं हा म्हणणार, "त्याला सांग," असं तो म्हणणार. दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू येतं, तरी निरोप हिनंच पोचवायचा. जीव नुसता विटून गेला होता बाईचा.

या खेपेला तर घरचीच जीप. तिची लेक नर्स, डोंगरातल्या दवाखान्यात नेमणूक झालेली, उद्या सकाळी निघायची. बापानं हौसेनं जीप उंच केली. गाडी वर उचलली की गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर वाढतं, आणि मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट तोकडा पडतो. चढावर एक चाक खड्ड्यात गेलं, की शाफ्ट निसटलाच म्हणून समजा. म्हणून नवा शाफ्ट हवा होता.

पहिला आखूड झाला. का, तर माप दिल्यावर थोरल्यानं स्प्रिंगमध्ये आणखी एक पाटा घालून गाडी अजून वर घेतली आणि ते सांगायचं राहिलं. दुसरा इतका लांब, की गाडी खाली उतरवताच गिअरबॉक्सला जाऊन भिडला.

"वहिनी, विचारा त्यांना, माप घेताना गाडी जॅकवर होती का?" आतून धाकटा.

"जॅकवरच असणार ना. त्याला सांग, खाली शिरायचं कसं मग?"

"चाकं लोंबकळत असताना माप कुणी घेतं का, विचारा."

"नाही विचारणार," वहिनी म्हणाली. "तिकडे माझी पोरगी दरीत जायची, आणि तुमचे निरोप काही संपत नाहीत."

तिनं टेप नवऱ्याच्या हातात कोंबली आणि तिचं टोक ओढत नेऊन दिराच्या हातात दिलं. "गाडी चाकांवर उभी करा आणि शिरा दोघं खाली. दोन्ही टोकं एकट्याला धरता आली असती, तर भाऊजी, तुम्हाला उठवलंही नसतं."

दोघं शिरले. बाहेर नुसते पाय दिसत होते. टेप खरखरली. मग थोरल्याचा आवाज आला, "नीट धर."

"धरलंय. तूच हलतोयस, दादा."

वहिनीनं दाराला टेकून डोळ्यांना पदर लावला. एवढंच होतं होय? एवढ्यासाठी तिच्या तरण्या वयाचा चुथडा झाला?

खाली आता गप्पाच सुरू झाल्या होत्या.

"मी नीटच सांगितलं होतं रे."

"माझ्यापर्यंत नाही पोचलं तसं."

"हिच्या हाती निरोप दिला की असंच."

"जाऊ दे दादा, वहिनींना शाफ्टमधलं काय कळणार," धाकटा म्हणाला, आणि दोघं मिळून हसले.

सामान घेऊन आलेली लेक अवघडली. "आई, ऐकलंस?"

"ऐकलं. माप बरोबर येईल आता." वहिनीनं पदर खोचला. "पुढची सीट रिकामी आहे ना तुझी? मीही येते उद्या."

"आणि बाबांना कोण सांगणार?"

"काका सांगतील," वहिनी म्हणाली आणि कपडे भरायला घरी गेली.