दाणे आणि वण

माझी मुलगी आता कॉम्प्युटरवर फोटो साफ करते. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर रवाळ ठिपके दिसले की ती पडद्यावरची एक पट्टी सरकवते. ठिपके जातात, चेहरा गुळगुळीत होतो. मी म्हणते, थोडे राहू दे. का, ते तिला कधी सांगितलेलं नाही.

मानवतला आमचा स्टुडिओ होता. फोटो हे काढायचे. डार्करूम आणि टचिंगचं काम माझ्याकडे. ऐंशीनंतरची ती वर्षं. एक दिवस झरीकडचे एक शेतकरी आले. ह्यांनीच काढलेल्या एका लग्नाच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, त्यांची मुलगी उभी होती. पुढं ती विहिरीत गेली. तिचा दुसरा फोटोच नव्हता. भिंतीला लावण्याएवढा मोठा करून द्या, म्हणाले.

निगेटिव्हवर तिचा चेहरा ज्वारीच्या दाण्याहून लहान होता. मोठा केला तसा तो विस्कटत गेला. नाक-डोळे राहिले, बाकी नुसते काळे-पांढरे दाणे. असे दाणे घालवायची माझी एक युक्ती होती. एन्लार्जरच्या भिंगाखाली नायलॉनच्या ओढणीचा तुकडा धरायचा. चेहरा मऊ येतो. मग बारीक ब्रशनं मी भुवया रेखल्या, पापण्या काढल्या, ओठांची कड नीट केली, गालांवरचा उरलासुरला डागही भरून टाकला. वडील फोटो बघून रडले आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन गेले. मला वाटलं, चांगलं काम झालं.

महिन्याभरानं तिची आई एकटीच आली. फोटो कापडात बांधून आणला होता. तो माझ्यापुढं ठेवून तिनं शांतपणे विचारलं, "बाई, ही कोण हाय?"

मी म्हणाले, तुमचीच मुलगी.

"तिच्या तोंडावर देवीचे वण होते. वणांपायी तीन ठिकाणी नको म्हनले तिला. तुमीबी तेच केलं."

मी निगेटिव्ह काढलं आणि त्यांना डार्करूममध्ये नेलं. लाल दिव्याखाली, भिंगाखाली ओढणी न धरता कागदावर फोटो मोठा केला आणि तो कागद औषधाच्या ट्रेमध्ये टाकला. पांढऱ्या कागदावर आधी डोळे आले, मग कपाळ, मग ते सगळे दाणे. आई ट्रेवर वाकली. म्हणाली, "आली."

कागद धुऊन मी उजेडात आणला. आई त्या ओल्या गालावर बोट ठेवत गेली. हा तिचा, हा तिचा, हा हनवटीवरचा. मी नीट बघत होते. त्यातले बरेच फिल्मचे दाणे होते, वण कुठले हे मलाही कळत नव्हतं. मी मान हलवत राहिले. तो फोटो त्यांनी नेला. पहिलाही नेला, कारण घरधन्याला तोच आवडला होता.

त्यानंतर दिवसाढवळ्यासुद्धा डार्करूममध्ये एकटीनं शिरायला मला नको व्हायचं. ट्रेमध्ये कुणाचाही चेहरा उमटू लागला की आधी तीच येतेय असं वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी एका बारशासाठी झरीला गेले तेव्हा त्या घरी डोकावले. आईवडील दोघंही गेले होते. ओसरीवर माझा गुळगुळीत फोटो होता, हार घातलेला. सुनेनं तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "लय देखण्या होत्या आमच्या वन्सं."

मी दुसऱ्या फोटोबद्दल विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. सासूबाई पेटीत काहीतरी ठेवायच्या, पण कुणाला दाखवायच्या न्हाईत, म्हणाली. तेवढ्यात तिच्या लहान मुलीनं येऊन फोटोला हात जोडले. आत्याच्या पाया पडते रोज, असं सून कौतुकानं सांगत होती.

भिंतीवरच्या त्या भुवया माझ्या होत्या, ओठही माझेच. मी पाणी पिऊन उठले.