कोरड्यातलं जाळं

कॉलेजच्या बक्षीस समारंभात स्टेजवर माझं नाव पुकारलं. बास्केटबॉल, वर्षातली सर्वोत्तम खेळाडू. मी कपासाठी हात पुढे केला, तर पाहुण्यांनी कप मागे घेतला. संस्थाचालकांचे मित्र होते ते. माईक तोंडाशी धरून म्हणाले, "ही ढिवराची पोरगी. जाळं फेकून फेकून हिचा नेम बसला म्हणतात. आधी जाळं फेकून दाखव, मग कप."

सगळं सभागृह हसलं. आमच्या क्रीडाशिक्षकांनी बॅडमिंटनची जुनी जाळी तयारच ठेवली होती. म्हणजे ठरवून केलेलं. ज्यांना मी गुरू मानलं त्यांनीच ती माझ्या हातात कोंबली आणि कुजबुजले, "फेक ना. थोडीशी मजा हाय. विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं हाय ना तुले?"

जायचं होतं. दुसरं काही मी मागितलंच नव्हतं. सकाळी आईसोबत मासळी साफ करायची आणि आमच्या सावली गावाहून पहिली बस धरायची, ते त्यासाठीच. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. हातांना वास येतो म्हणून. मैदानावर पोरी 'ए ढिवरीण' म्हणून पास मागायच्या. तेही मी गिळलं होतं.

पण आमच्या घरी कोरड्या जमिनीवर जाळं फेकत नाहीत. लहानपणी मी एकदा अंगणात फेकलं, तर बाबांनी ते हातातून काढून घेतलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "खेळनं नाई होय ते. पोट हाय आपलं."

बाबा त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसले होते, धुतलेला सदरा घालून. लोक हसले म्हणून तेही हसत होते. हात जोडून. ते हसणं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

मी जाळी घडी करून सरांच्या खुर्चीवर ठेवली. माईक घेतला. तोंडात गावचीच भाषा आली. "जाळं पाहाचं असन तर तलावावर या. इथी मी खेळाडू आहो. कप द्याचा तर द्या, नाई तर राहू द्या."

पाहुण्यांनी कप टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. मी उचलला आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

विद्यापीठाच्या संघात माझं नाव आलं नाही. सर म्हणतात, तुझा स्वभाव नडला. नडू दे. रोज सकाळी मी रिंगखाली उभी असते, आणि सरांना माझ्यासमोरूनच जावं लागतं. पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीलाही मी येणार आहे. माफी मागून नाही. मासळी साफ करून, याच हातांनी.